सुगीतली दुरुस्ती

ज्वारी उपटायला लागली की माझा आवाज बसतो. दर वर्षीचं आहे हे. घरामागं लगेच शेतं सुरू होतात. माघ संपत आला की तिकडून एक बारीक, पिवळट धूळ उठते आणि खिडक्या लावल्या तरी आत येते. तांब्याच्या काठावर बसते, चष्म्याच्या काचेवर बसते, मग घशात उतरते. डॉक्टर म्हणतात, वय झालं, जपा. मी मान हलवतो. जपण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही, हे त्यांना कशाला सांगायचं!

गेल्या आठवड्यात तालुक्याच्या कोर्टातले तीन तरुण वकील घरी आले होते. माझा सत्कार करायचा म्हणत होते. पस्तीस वर्षं मी एका साप्ताहिकात सदर लिहिलं. कोर्ट, तुरुंग, पोलिसांच्या कोठड्या, वेठीला धरलेली माणसं, जमिनीवरून हुसकलेली माणसं, हेच माझे विषय. "सर, तुमचं सगळ्यांत गाजलेलं प्रकरण कुठलं?" त्यातल्या एकानं वही उघडून विचारलं. मी एक सांगितलं. हायकोर्टापर्यंत गेलेलं, पुढं कुठल्याशा निकालसंग्रहात छापून आलेलं. त्यांनी ते लिहून घेतलं, चहा घेतला, पाया पडून गेले.

ते गेल्यावर मी ओसरीवर बसून राहिलो. पलीकडच्या रानात बाया ज्वारी उपटत होत्या. मूठभर ताटं धरायची, एक हिसका द्यायचा, मुळांची माती पायावर आपटून झाडायची आणि पेंढी मागं टाकायची. लांबून त्याचा एक ठेका ऐकू येतो. पूर्वी तो ऐकून बरं वाटायचं. आता नुसतं ऐकू येतं. मी त्या पोरांना गाजलेलं प्रकरण सांगितलं होतं. जे मला अजून सोडत नाही, ते सांगितलं नव्हतं. घसा बसलाय, हे निमित्त पुरलं.

ती सुगी दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या वर्षांतली. राज्य निजामाचं आणि कोर्टकचेरीची भाषा उर्दू. शेतकऱ्याला आपल्याच गाऱ्हाण्याचा कागद वाचता येत नसे. तो कागद लिहून देणारा तो अर्जनवीस. मी अर्जनवीस होतो. तालुक्याच्या न्यायाधीशाच्या, म्हणजे मुन्सफाच्या, कोर्टाच्या पायरीला लागून एक बाभळीच्या लाकडाचं बाक, त्यावर दौत, टाक आणि कागदांची चळत, एवढा माझा संसार. लोक मला मुनशीजी म्हणत. वय पंचवीस-सव्वीस. लोक सांगत ते मी उर्दूत लिहून द्यायचो, आणि त्यातलं जे अर्जात मावायचं नाही ते मराठीत लिहून सोलापूरला न्यायचो. सोलापूर इंग्रजांच्या हद्दीत. तिथं एक साप्ताहिक निघायचं, त्यात 'पायरीवरून' नावाचं माझं सदर असे. खाली नाव नसे; ते कुणाचं हे जाणणारे जाणत, सिद्ध कुणाला करता येत नसे. आमच्या राज्यात ते साप्ताहिक आणायला बंदी होती. तरी ते यायचं, आणि बंदी होती म्हणूनच खळ्यावर, पारावर मोठ्यानं वाचलं जायचं.

खरं सांगायचं तर मला त्या वाचण्याची चटक लागली होती. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचतंय, बाया पदराचं टोक डोळ्याला लावताहेत, आणि आपण अनोळखी माणसासारखे मागं उभे राहून ऐकतोय. त्या वयात याच्याएवढी नशा दुसरी नव्हती. न्यायाची चाडही होती, नाही असं नाही. पण दोन्ही एकाच दौतीत होतं आणि टाकाच्या टोकावर आधी काय यायचं ते मला तेव्हा वेगळं करता येत नसे.

सुगीत कोर्ट ओस पडतं. भांडायला सवड कुणाला असते! सकाळी हरभऱ्यावर आंब असते, त्यातून चालून गेलं की धोतराचा काठ आंबट लागतो. दुपारी करडीचे काटे वाजतात. सगळा मुलूख रानात असतो आणि मुन्सफसाहेब खुर्चीत डुलकी घेतात. अशाच एका दुपारी सुंदराबाई माझ्या बाकापुढं येऊन उभी राहिली. तिशीची असेल. केसांत ज्वारीचं भूस, आणि हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. ताटं उपटून कातडी सोलून निघते, म्हणून बाया तशा चिंध्या बांधतात. बोरी नदीच्या काठच्या गावातून पायी आली होती.

"मुनशीजी, आमच्या मालकाला न्हेलंय."

"कुणी?"

"आमीनसायबाच्या जवानानं. दौऱ्याला गाडी पायजे म्हनून. दोन दिसांत सोडतो म्हनला. आज नऊ दिस झाले."

अमीन म्हणजे पोलीस ठाण्याचा मुख्य, आणि जवान म्हणजे त्याचा शिपाई. ते ठाणं कुठलं, ते मी तेव्हा छापलं होतं. आता त्याचं नाव घेत नाही, कारण तिथं आता दुसरी माणसं बसतात. अमीनसाहेब दौऱ्यावर निघाले की तंबू, पलंग, हंडे, कोंबड्या वाहायला गाड्या लागायच्या. त्या बेगारीत धरल्या जायच्या. बेगार घेऊ नये असा सरकारी हुकूम होता. कागदावर होता.

"गाडीचं काय झालं?" मी विचारलं.

"गाडी आली. बैलं आली." तिनं बोटाची चिंधी आवळली. "सकाळी दार उघडलं तर दारात उबी. जुपलेलीच. कासरा खाली लोंबत व्हता. मालक न्हाय आलं."

तिच्या नवऱ्याचं नाव ज्ञानबा. दहा-बारा एकराचं रान, त्यात ज्वारी उभी वाळत चाललेली, पाखरांचे थवे उतरलेले. "मी एकली किती उपटू?" एवढंच ती म्हणाली आणि हात मागं घेतले.

मी ठाण्याच्या नावानं अर्ज लिहून दिला. दुसऱ्या दिवशी ती तो परत घेऊन आली. चार तुकडे झाले होते, पण तिनं ते टाकले नव्हते, पदराच्या गाठीत बांधून आणले होते. अशा नावाचा माणूस इथं आलाच नाही, असं अमीनसाहेबांनी सांगितलं होतं. मग मी मुन्सफांकडं अर्ज केला. धरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी अदालतीपुढं उभं करायचं, हे कायद्यात लिहिलं होतं. मुन्सफ हैदराबादकडचे, वयस्क, दम्याचे. सुगीच्या धुळीनं सारखे खोकायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "मुनशी, तो तिथं आहे याचा पुरावा आण. नसलेल्या माणसाला हजर करा असा हुकूम मी कसा लिहू?"

पुरावा चार दिवसांनी आपण होऊन आला. इमामसाब नावाचा एक जवान दुपारी सावलीला माझ्या बाकावर येऊन बसायचा. पन्नाशी उलटलेला, दाढीला मेंदी, पायात जुन्या वहाणा. त्याला लिहिता-वाचता येत नसे. गुलबर्ग्याला दिलेल्या मुलीला तो माझ्याकडून पत्रं लिहून घ्यायचा, आणि प्रत्येक पत्रात पाऊसपाण्याखालोखाल एकच मजकूर असायचा: आता दोनच वर्षं राहिली, नोकरी संपली की तुझ्याकडं येतो. त्या दिवशी त्यानं पत्र सांगितलं नाही. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "वो औरत को बोलो मुनशीजी, आदमी जिंदा है."

हकीकत अशी होती. तिसऱ्या दिवशी ज्ञानबानं जायला परवानगी मागितली. रान वाळतंय म्हणाला. कुणी ऐकलं नाही तेव्हा गाडी जुंपली आणि निघाला. जवानांनी त्याला गाडीवरून खाली ओढलं, अमीनसाहेबांनी स्वतः बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. उजवा हात कोपराखाली मोडला. त्या गडबडीत बैलं गाडीसकट वाटेला लागली ती थेट घरी गेली. मोडलेला हात घेऊन ज्ञानबा गावात गेला असता तर बोभाटा झाला असता. म्हणून त्याला ठाण्यामागच्या कडब्याच्या खोलीत ठेवलं होतं. दप्तरात नोंद नाही. हात सांधेल तेव्हा त्याला सोडायचं.

"सुबह का पहरा मेरा रहता," इमामसाब म्हणाला. "मैं भाकरी देता. रोज एकच बात पूछता वो. हरण्या-तांबड्या घर कू पहुँचे क्या? मैं बोलता, पहुँचे." मग उठता उठता त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "मेरा नाम नक्को आना कहीं."

"नाही येणार," मी म्हणालो.

सुंदराबाईला मी सगळं सांगितलं, फक्त कुणाकडून कळलं ते सोडून. ती पायरीवर बसली. बराच वेळ चिंध्या गुंडाळलेल्या बोटांकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "हात कंचा?"

"उजवा."

"उजवा व्हय," ती म्हणाली आणि उठून चालायला लागली. दिवस मावळायच्या आत तिला रानात पोचायचं होतं.

नळदुर्गच्या नाक्यावरून सोलापूरची सर्व्हिस मोटर मिळायची. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं, मोटर कोळशाच्या गॅसवर चालायची, आणि चढ आला की सगळ्यांना उतरून ढकलावं लागे. हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर झडती होई. मी कधी लिहिलेला कागद बरोबर नेत नसे, सगळं डोक्यात घेऊन जाई आणि छापखान्यात बसून उतरवून काढी. त्या दिवशी वाटेवर दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं पसरली होती, अर्धी उभी, अर्धी आडवी. मी ती बघत नव्हतो. मी वाक्यं जुळवत होतो.

साप्ताहिकाचे संपादक, मालक, खिळे जुळवणारे, सगळं एकच, शिवप्पा अण्णा. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, कोपरापर्यंत शाई. घरात कानडी, छापखान्यात मराठी. "बर्री, बर्री, मुनशी, बस," म्हणून त्यांनी नेहमीसारखं स्टूल पुढं केलं. मी तासाभरात लेख लिहिला. अण्णा तो उभ्या उभ्या वाचत गेले आणि एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. ते वाक्य मला अजून पाठ आहे. 'रोज सकाळी तो हरण्या-तांबड्या अशी आपल्या बैलांची नावे घेतो, ते घरी पोचले का म्हणून विचारतो आणि लहान मुलासारखा रडतो.'

"हे तुला कुणी सांगितलं?" अण्णांनी विचारलं.

"आहे एक जण."

"नाव विचारीत न्हाई मी. सकाळी त्या माणसापाशी किती लोक जातेत?"

मी टाक खाली ठेवला.

"एकच ना? मग हे वाक्य काढ."

"अण्णा, सगळा लेख त्या वाक्यावर उभा आहे. ते काढलं तर उरतं काय? हात मोडला, कोंडून ठेवला, नोंद नाही. असले अर्ज मी रोज लिहितो. कोण वाचतं ते?"

अण्णांनी हाताची शाई फडक्याला पुसली. निघाली नाही, तरी पुसत राहिले. "सदर तुझं हाय. तू ठरीव," ते म्हणाले.

मी ठरवलं. वाक्य राहिलं.

लेख गाजला. आठ दिवसांत तो आमच्या मुलखात सगळीकडं पोचला. कडब्याच्या गाडीत, करडीच्या तेलाच्या डब्याखाली, कसा कसा. एका खळ्यावर मी तो वाचला जाताना ऐकला. बैलांची नावं आली तेव्हा मळणीचे बैल हाकणारा म्हाताराही उभा राहिला. पुढं 'लहान मुलासारखा' आलं आणि बाया हुंदके द्यायला लागल्या. मी मागं उभा होतो. अंगावर काटा आला होता माझ्या, आपल्याच वाक्यानं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. जिल्ह्याहून चौकशीचा हुकूम निघाल्याची कुणकुण लागताच अमीनसाहेबांनी ज्ञानबाला पहाटे गावाच्या शिवेवर सोडून दिलं. चौकशीचे साहेब आले तेव्हा कडब्याची खोली झाडून, शेणानं सारवून ठेवलेली होती. ज्ञानबाला विचारलं, हात कशानं मोडला? तो म्हणाला, गाडीवरून पडलो. प्रकरण मिटलं. सरकारी कागदात माझा लेख खोटा ठरला.

आणि इमामसाब. हे मला पेशकारानं, कोर्टातल्या कारकुनानं, सांगितलं. टाकाचं टोक पुसता पुसता, सहज सांगावं तसं. अमीनसाहेबांनी सगळ्या जवानांना ओळीत उभं केलं, लेख उर्दूत करून वाचायला लावला आणि विचारलं, बैलांची नावं कुणाला ठाऊक होती? कुणी बोललं नाही. तेव्हा त्यांनी कमरेचा पट्टा सोडला आणि हाताला लागला त्या एका जवानाला पुढं ओढलं. इमामसाब ओळीतून बाहेर आला. "सुबह का पहरा मेरा था," म्हणाला. त्याचा साफा आणि पट्टा तिथंच काढून घेतला. दोन वर्षं राहिली होती.

मी त्याच्याकडं जायला हवं होतं. गेलो नाही.  त्याऐवजी ज्ञानबाच्या गावी गेलो. मनाशी हिशेब असा मांडला की त्यानं मुन्सफांपुढं खरा जबाब दिला तर इमामसाबही खरा ठरेल, मग त्याच्यापुढं जायला तोंड राहील. ज्ञानबाच्या खळ्यावर मळणी चालली होती. भावकीनं एका दिवसात ज्वारी उपटून दिली होती. मधल्या खांबाभोवती बैल फिरत होते, सुंदराबाई मागं. ज्ञानबा कडेला बसला होता. हाताला कामट्या बांधलेल्या. उंच, हाडापेरानं मजबूत, गप्प माणूस. मी नाव सांगितलं. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पाठ फिरवून डाव्या हातानं भूस सारायला लागला.

"ज्ञानबा, एक जबाब द्या. मी बरोबर उभा राहीन."

तो भूस सारत राहिला.

"भिऊ नका."

त्यावर त्याचा हात थांबला. पण तोंड वळलं नाही. "जावा मुनशीजी," सुंदराबाई बैलांमागून म्हणाली, "त्येंला न्हाय बोलायचं तुमच्यासंगं."

मी परत फिरलो. वाटेनं येताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायची लाज वाटते. भीतीनं माणूस कसा मुका होतो, यावर पुढच्या सदरातलं पहिलं वाक्य मी तयार करत होतो.

शेवटी इमामसाबकडं गेलो तो दहा दिवसांनी. तो भावाच्या गावी उफणणीला लागला होता. उंच तिवईवर उभा राहून सुपातून दाणे सोडत होता. वारा भूस उडवून नेत होता, आणि त्याची मेंदी लावलेली दाढी त्या भुसानं पांढरी झाली होती. मला बघून खाली उतरला, घोंगडं झटकून टाकलं, पाणी आणवलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "पहले वो पढ के सुनाओ. क्या लिखे तुम? मैं तो उर्दू में सुना, वो बी कतार में खडे खडे."

लेखाचा अंक माझ्या खिशात होता. मी वाचला. वाचताना पहिल्यांदा माझा आवाज बसल्यासारखा झाला. त्यानं डोळे मिटून ऐकलं. त्या वाक्यापाशी आलो आणि त्यानं डोळे उघडले.

"रोया नहीं वो."

"काय?"

"रोया नहीं. एक बार बी नहीं. मैं उसका हाथ कपडे से बांधा, हड्डी बाहर दिखती थी, तब बी नहीं. बैलां का पूछता था, बस. तुम कायकू लिखे, रोता करके?"

मी काहीतरी म्हणालो. लोकांपर्यंत पोचावं म्हणून असं लिहावं लागतं, असं काहीतरी.

"क्या पोचा लोगां तक?" तो शांतपणे म्हणाला. "उसके गाव में लोग उसकू देख के बैलां के नाम लेते, और रो के दिखाते. वो चावडी पे जाना छोड दिया. ये पोचा."

 मग म्हणालो, "इमामसाब, तुमची नोकरी..."

"नौकरी का छोडो. वो मेरे हाथ में था, मैं बोल दिया. उसके हाथ में क्या था?"

एवढं बोलून तो पुन्हा तिवईवर चढला, कारण वारा चांगला सुटला होता आणि वारा थांबला की काम थांबतं.

मी पुन्हा सोलापूरला गेलो. अण्णांना दोन ओळी लिहून दिल्या. ज्ञानबा कोठडीत रडत असे, असे या सदरात लिहिले होते. ते खरे नाही, तो एकदाही रडला नाही, ते लिहिणाराने आपल्या मनाने घातले. अण्णांनी वाचलं, चष्मा कपाळावर सारला. "हे छापलं तर ते म्हणतील, बाकीचंबी खोटंच हाय."

"म्हणू द्या."

"तुझं सदर बंद पडंल."

"पडू द्या."

अण्णांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि खिळे जुळवायला बसले. त्यांनी त्या दोन ओळी चौकटीत घातल्या. आणि ते म्हणाले होते तसंच झालं. अमीनसाहेबांच्या माणसांनी तो अंक स्वतः गावोगाव फिरवला. बंदी असलेला कागद ठाण्याच्या भिंतीवर चिकटवलेला मी तेव्हाच एकदा पाहिला. बघा, लिहिणाराच कबूल करतोय! माझ्या बाकापुढून लोक हसत जायचे. एक-दोघांनी अर्ज लिहून घ्यायला दुसरा माणूस गाठला. दोन आठवडे मी त्या बाकावर कसा बसलो ते माझं मला माहीत.

पुढं काय काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी फार आशा धरणार नाही. अमीनसाहेबांची बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यात, त्याच हुद्द्यावर. इमामसाबला नोकरी परत मिळाली नाही. तो गुलबर्ग्याला मुलीकडं राहायला गेला, त्यामुळं पत्रं लिहायची गरज उरली नाही. ज्ञानबाचा हात वाकडाच सांधला. काही वर्षांनी राज्य बदललं. त्या दिवसांत कुणी कुणाला धरलं, कुणी कुणाला मारलं, त्याबद्दलही मी लिहिलं, आणि तेव्हा शिव्या दुसऱ्या बाजूनं आल्या. कोर्टात उर्दू जाऊन मराठी आली. पुढं मी सनद घेतली, वकिली केली, सदर चालूच ठेवलं. मागच्या खोल्या मी नंतरही पुष्कळ पाहिल्या. कधी कडब्याच्या, कधी जुन्या फायलींच्या. नोंद नसलेला माणूस आत बसलेला असायचाच. शेवटी शेवटी मी दार उघडायच्या आधीच दमलेला असे.

नवे संपादक म्हणायचे, तुमचं लिहिणं फार कोरडं आहे हो, जरा माणूस येऊ द्या त्यात. मी हो म्हणायचो. आणि घरी येऊन पुन्हा तसंच लिहायचो. कोण, कुठं, कधी, काय केलं, कुणी पाहिलं. जे पाहिलं नाही ते नाही. रात्री झोप येण्यासाठी मला तेवढं पुरत असे. वाचणारांना पुरत होतं की नाही, देव जाणे.

पण त्या सुगीचा एक दिवस राहिला. फाल्गुनातला. खळी उठली होती, कडब्याच्या गंज्या रचून झाल्या होत्या, रानं मोकळी, करडी पडलेली. सकाळी मी बाक पुसत होतो. ज्ञानबा पायरीशी येऊन उभा होता. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, वाकडा हात छातीशी धरलेला. मागं सुंदराबाई.

"त्या दोन वळी मास्तरनं चावडीत वाचल्या," तो म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "समद्यांपुडं."

मी मान हलवली.

"जबाब द्याचा हाय."

"ज्ञानबा, नीट विचार करा. अमीन अजून इथंच आहे." त्याची बदली व्हायची होती तेव्हा.

"म्हनून तर आलो."

मुन्सफसाहेब खोकत आत आले. मी अर्ज पुढं ठेवला. साहेब प्रश्न विचारत होते, मी मराठीत सांगत होतो, ज्ञानबा बोलत होता, आणि पेशकार उर्दूत लिहीत होता. कोर्टात पाच-सहाच माणसं होती. दारात ठाण्याचा एक जवान उभा होता, सगळं ऐकत. ज्ञानबानं त्याच्याकडं एकदाही पाहिलं नाही. गाडी धरली तिथपासून शिवेवर सोडलं तिथपर्यंत त्यानं सगळं सांगितलं, न थांबता, आवाज न चढवता. मारलं कुणी? अमीनसायबानं. कशानं? बंदुकीच्या लाकडानं. चौकशीत खोटं का बोललास? भ्यालो व्हतो. मग आपण होऊन म्हणाला, "इमामसाब जवानानं मला भाकरी दिली. हात त्यानंच बांदला. त्ये बी लिवा."

"लिखो," मुन्सफसाहेब पेशकाराला म्हणाले.

जबाब पुरा झाल्यावर मी तो त्याला मराठीत वाचून दाखवला, ओळीओळीनं. तो कान देऊन ऐकत होता. ऐकताना त्याचे डोळे माझ्या ओठांवर होते. मी एखादा शब्द जास्त घालतोय का ते बघत असावा. मी कागद खाली ठेवला.

"ह्यात मी रडलो म्हनून न्हाय न्हवं कुटं?"

"नाही."

"मग लावा शाई," तो म्हणाला आणि त्यानं डावा हात पुढं केला.